जुनं साउंड कार्ड आणि लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९८ ते २००५ या काळात असेंबल्ड पीसीत बसवलेली साउंड कार्डं अजून बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत. कोणाला त्यावरून कॅसेटी उतरवायच्या असतात, कोणाला जुना पीसी पुन्हा जिवंत करायचा असतो, कोणाला नुसती खाज असते. कार्ड बसवल्यावर लिनक्समध्ये आवाज आला नाही की सगळे पहिल्यांदा ‘ड्रायव्हर कुठे मिळेल’ असं विचारतात. दहापैकी नऊ वेळा ड्रायव्हर आधीपासून असतो, कार्डही धडधाकट असतं, आणि आवाज मधेच कुठेतरी अडलेला असतो. पुढचं सगळं तो कुठे अडलाय ते शोधण्याबद्दल आहे.

एक सूचना: आज्ञांची आणि मॉड्यूलची (म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलची) नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

सुरुवात कुठून करायची?

सोसायटीत चौथ्या मजल्यावर पाणी येत नसेल तर चांगला प्लंबर आधी तुमचा नळ उघडत नाही, गच्चीवर जाऊन टाकी बघतो. मग मुख्य व्हॉल्व, मग मजल्याचा व्हॉल्व, आणि शेवटी नळ. इथेही तसंच. टाकी म्हणजे प्रत्यक्ष कार्ड आणि त्याचा स्लॉट. मुख्य व्हॉल्व म्हणजे कर्नेलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर. त्याच्यावर अल्सा, म्हणजे लिनक्सची आवाजाची मूळ यंत्रणा, आणि त्याचा मिक्सर. त्याच्याही वर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचा आवाज गोळा करून कार्डाकडे धाडणारा मध्यस्थ. आणि सगळ्यात शेवटी तुमचा प्लेअर किंवा ब्राउझर. (पाइपवायरचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रामचं नाव खरोखरच ‘वायरप्लंबर’ आहे, उपमा माझ्या पदरची नाही.)

बहुतेक लोक नळापासून सुरुवात करतात: प्लेअर बदलतात, ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करतात, शेवटी अख्खं डिस्ट्रो (उबुंटू, फेडोरा, डेबियन असा लिनक्सचा संच) बदलतात. मीही केलंय.

माझ्याकडे कुठलं कार्ड आहे हे कसं ओळखायचं? खोक्यावर तर ‘साउंड ब्लास्टर’ एवढंच आहे.

खोक्यावर विश्वास ठेवू नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपची कार्डं विकली गेली आहेत. लिनक्सला नावाशी घेणंदेणं नाही, चिपशी आहे. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘हायफन एनएनके’ या पर्यायासह चालवा. यादीत ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ अशी ओळ शोधा. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकडे असतात, तीच कार्डाची खरी ओळख. त्याखालच्या ओळींत सध्या कुठलं मॉड्यूल त्या कार्डाला सांभाळतंय तेही दिसतं.

क्रिएटिव्हच्या (साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या कंपनीच्या) कार्डांपुरतं सांगायचं तर ११०२:०००२ म्हणजे अस्सल साउंड ब्लास्टर लाइव्ह. हे कार्ड १९९८ मध्ये आलं, त्यावर ईएमयू१०के१ चिप असते आणि मॉड्यूल ‘एसएनडी-ईएमयू१०के१’. ११०२:०००४ म्हणजे ऑडिजी घराणं, मॉड्यूल तेच. ११०२:०००६ दिसलं तर ते डेलच्या पीसींबरोबर आलेलं स्वस्तातलं लाइव्ह. नाव तेच, चिप वेगळी, आणि मॉड्यूलच्या नावाला शेवटी ‘एक्स’ लागतो. ११०२:०००७ म्हणजे लाइव्ह २४-बिट किंवा ऑडिजी एलएस. त्यांचं मॉड्यूल ‘एसएनडी-सीए०१०६’.

‘पीसीआय १२८’ असं नाव असेल तर आत बहुधा एन्सोनिकची चिप निघते, कारण क्रिएटिव्हने १९९८ मध्ये ती कंपनीच विकत घेतली होती. तिथे आकडा १२७४ ने सुरू होतो आणि मॉड्यूल ‘एसएनडी-ईएनएस१३७०’ किंवा ‘१३७१’. आणि ज्या कार्डावर कुठलंच ओळखीचं नाव नाही, ते शंभरातल्या साठ वेळा सी-मीडियाचं ८७३८ असतं, ‘एसएनडी-सीएमआयपीसीआय’ ते सांभाळतं. साठ हा माझा अंदाज. पण पैज लावायला हरकत नाही.

यादीत कार्डच दिसत नाही. मेलं का?

इतक्यात नको. पीसी बंद करा, मागची वायर काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि कार्ड बाहेर काढा. खालच्या सोनेरी पट्ट्या बघा. मुंबईत आणि कोकणात चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या कार्डाच्या पट्ट्यांवर काळपट थर चढलेला असतो. शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, आडवं नको. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, आणि पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. बसवताना मागची बाजू वर राहते, ती ‘टक्’ होईपर्यंत दाबा आणि स्क्रू लावा. स्क्रू आळस करून न लावल्यामुळे जॅक खुपसताना कार्ड तिरकं झालं आणि यादीतून गायब झालं, असं माझ्या टेबलावर एकदा नाही तीनदा घडलं आहे.

पीसीआयचा, म्हणजे ही कार्डं बसतात तो, स्लॉटच नसेल तर पीसीआय एक्सप्रेसमधून पीसीआय काढून देणारे अडॅप्टर मिळतात. चालतात, पण त्यातल्या काहींवर एएसमीडियाची १०८३ ही चिप असते आणि तिची इंटरप्टबद्दलची (म्हणजे कार्ड प्रोसेसरला मारतं त्या हाकेबद्दलची) खोड प्रसिद्ध आहे. थोडा वेळ सगळं छान, मग आवाज अडखळतो आणि कर्नेलच्या नोंदींत ‘नोबडी केअर्ड’ अशी ओळ येते. ती दिसली तर कार्डाला दोष देऊ नका.

कार्ड दिसतं, पण मॉड्यूलची ओळ रिकामी आहे.

आता हा खरोखर ड्रायव्हरचा प्रश्न. तरी इंटरनेटवरून काही उतरवायची गरज नाही. अल्सा २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नेलपासून लिनक्समध्येच आहे आणि वर सांगितलेली सगळी मॉड्यूलं कर्नेलबरोबर येतात. ‘सुडो मॉडप्रोब’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव देऊन बघा. ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं तर तुमचं कर्नेल हलकं, छाटलेलं आहे. उबुंटूत अशी मॉड्यूलं बऱ्याचदा ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात असतात. डेबियनमध्ये चुकून ‘क्लाउड’ कर्नेल पडलं असेल तर नेहमीचं कर्नेल टाका.

मॉड्यूल सापडलं पण कार्ड तरीही उभं राहिलं नाही, तर ‘डीमेस्ग’ चालवून कर्नेलच्या नोंदी वाचा. यामाहा डीएस-१ किंवा ईएसएस मॅस्ट्रो-३ अशा चिपना फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामची, फाइल लागते. ती नसेल तर तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. लाइव्हला असलं काही लागत नाही.

सगळं बरोबर दिसतं. कार्ड आहे, मॉड्यूल आहे. आवाज नाही.

या पानावर येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न हाच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ‘एप्ले हायफन एल’ चालवा. कार्डांची यादी येते, प्रत्येकाला शून्यापासून क्रमांक. लाइव्ह असेल तर पहिल्याच उपकरणाखाली ‘सबडिव्हाइसेस ३२/३२’ असं दिसेल. ते बघून मला अजून बरं वाटतं. या चिपमध्ये ६४ आवाज एकत्र मिसळायची सोय हार्डवेअरमध्येच आहे, त्यामुळे एकाच वेळी अनेक प्रोग्राम तिच्याशी थेट बोलू शकतात. आज मदरबोर्डवर येणाऱ्या चिपला हे जमत नाही, तिथे मिसळायचं काम सॉफ्टवेअर करतं.

मग ‘अल्सामिक्सर’. इथे पहिली फसगत होते: उघडल्यावर एकच ‘मास्टर’ पट्टी दिसते. ते तुमचं कार्ड नव्हे, पाइपवायरचा मुखवटा आहे. एफ६ दाबा आणि यादीतून खरं कार्ड निवडा. आता पट्ट्यांची रांग लागेल, स्क्रीनवर मावणार नाही इतकी. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर ती मुकी आहे, एम दाबला की सुटते. मास्टर, पीसीएम, वेव्ह, फ्रंट या चार सुटलेल्या आणि सत्तर-ऐंशीवर हव्यात.

आता उजव्या बाणाने शेवटपर्यंत जा. तिथे ‘ॲनालॉग/डिजिटल आउटपुट जॅक’ अशा अर्थाच्या लांबलचक नावाचं एक बटण आहे. पट्टी नाही, नुसतं बटण. लाइव्हच्या बऱ्याच मॉडेलवर आणि ऑडिजीवर ते चालू असेल तर कार्ड डिजिटल सिग्नल बाहेर सोडतं आणि साध्या स्पीकरला काही मिळत नाही. म्हणजे आवाज हवा असेल तर हे बटण मुकं करायचं. बाकी सगळ्या पट्ट्या उघडायच्या आणि ही एकच बंद करायची.

मी यात दोन रविवार घालवले आहेत. ‘आवाज नाही म्हणजे सगळं अनम्यूट करा’ असा सल्ला कुठेतरी वाचला होता आणि तो मी इतक्या निष्ठेने पाळला की आधी बंद असलेलं हे बटणही चालू केलं. त्यानंतर केबल बदलली, स्पीकर बदलले, शेजारच्या काकांचा ॲम्प्लिफायर आणला. काका दारात उभे राहून म्हणाले, “अरे, मघाशी येत होता की आवाज.” खरंच येत होता. मीच घालवला होता.

बटण बंद केल्यावर ‘स्पीकर-टेस्ट’ ही आज्ञा दोन चॅनल आणि वेव्ह प्रकार देऊन चालवा. एक बाई इंग्रजीत ‘फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट’ म्हणेल. ती ऐकू आली की अल्सापर्यंतचं सगळं ठीक आहे.

ती बाई बोलते, पण युट्युब मुकाच.

अल्सा ठीक, वरचा मजला अडला आहे. बहुधा आवाज दुसऱ्याच कार्डाकडे चाललाय. आजच्या पीसीत न सांगता दोन-तीन ‘साउंड कार्डं’ असतात: मदरबोर्डवरचं, मॉनिटरच्या एचडीएमआयचं, आणि आता तुमचं. ‘पाव्हूकंट्रोल’ हा छोटा प्रोग्राम टाका. त्याच्या कॉन्फिगरेशनच्या पानावर नको ती कार्डं ‘ऑफ’ करा आणि जुन्या कार्डाचं प्रोफाइल ‘ॲनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ ठेवा. तिथे ‘डिजिटल’ निवडलेलं असेल तर पुन्हा तीच गत.

फेडोराने ३४ व्या आवृत्तीत (२०२१) आणि उबुंटूने २२.१० मध्ये पाइपवायर हे नेहमीचं केलं. त्याआधीचं डिस्ट्रो असेल तर तिथे पल्सऑडिओ असेल, पण पाव्हूकंट्रोल दोन्हीकडे तसंच चालतं.

रीस्टार्ट केलं की कार्डांचा क्रम बदलतो. कधी हे पहिलं, कधी ते.

मॉड्यूलं ज्या क्रमाने लोड होतील त्या क्रमाने नंबर मिळतात, आणि तो क्रम दर वेळी तोच असेल याची हमी नाही. रेल्वेच्या जनरल डब्यासारखं, जो आधी चढला त्याची खिडकी. रिझर्व्हेशन करायचं असेल तर ‘ईटीसी’खालच्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरमध्ये एक फाइल करा, नाव काहीही, शेवट ‘डॉट कॉन्फ’. आत एकच ओळ: ‘ऑप्शन्स’, मग ‘एसएनडी’, मग ‘स्लॉट्स’, बरोबरचं (=) चिन्ह आणि पुढे मॉड्यूलची नावं हव्या त्या क्रमाने, मधे स्वल्पविराम. मदरबोर्डवरचं कार्ड नकोच असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे बायॉसमध्ये जाऊन ते बंद करणं.

अल्सामिक्सरमध्ये सगळं लावलं होतं. लाइट गेली, आणि परत आल्यावर सगळं पहिल्यासारखं.

मिक्सरची मांडणी पीसी नीट बंद होताना डिस्कवर लिहिली जाते. लाइट गेली म्हणजे नीट बंद झालाच नाही. एकदा मनासारखं जमलं की लगेच ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’ चालवा. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी तर नक्कीच.

कॅसेट उतरवायची आहे. कुठला जॅक, किती आवाज?

टेपडेकचा ‘लाइन आउट’ कार्डाच्या ‘लाइन इन’ला, म्हणजे साधारणपणे निळ्या जॅकला. गुलाबी जॅक माइकचा, तिथे टेप जोडली की आवाज फाटतो. जॅकना रंग नसतील तर पत्र्यावर कोरलेली चिन्हं टॉर्च मारून बघा. वॉकमन असेल तर हेडफोनच्या भोकातून घ्या आणि त्याचा आवाज निम्म्यावर ठेवा.

अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून रेकॉर्डिंगची बाजू उघडा, ‘लाइन’वर जाऊन स्पेसबार दाबा, खाली लाल अक्षरांत ‘कॅप्चर’ उमटलं पाहिजे. ‘कॅप्चर’ नावाची पट्टीही वर करा, आणि लाइव्हवर ‘एसी९७’ अशी आणखी एक असते, ती शून्यावर असेल तर रेकॉर्डिंग कोरं येतं. एफ३ च्या बाजूला ‘लाइन’ सुटलेली असेल तर टेप थेट स्पीकरवर ऐकू येते. त्यावरून ‘आवाज येतोय म्हणजे रेकॉर्डही होतंय’ असं समजू नका, त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. दहा सेकंद रेकॉर्ड करून ऐका, मगच पूर्ण कॅसेट लावा.

लाइव्हचं पोट ४८ किलोहर्ट्झवर चालतं, दुसरं काही दिलं तर ते स्वतः बदलून घेतं. म्हणून रेकॉर्डिंगही ४८ मध्येच करा. ‘एरेकॉर्ड’ला ‘हायफन एफ डॅट’ दिलं की ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असं एका दमात ठरतं. मिनिटाला साधारण ११.५ एमबी, ६० मिनिटांच्या कॅसेटला ७०० एमबीच्या आत-बाहेर. ज्यांना टर्मिनलऐवजी खिडक्या-बटणांची सवय आहे त्यांनी ऑडॅसिटी वापरावं.

पट्टी किती वर ठेवायची? सगळ्यात मोठा आवाज लाल रेघेला टेकायच्या थोडा आधी थांबला पाहिजे. आमच्या आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटमध्ये मी झांजेवर पातळी लावली, आणि बी बाजूला मधेच स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आली तेव्हा तेवढं फाटलं. पुन्हा केलं नाही. शिट्टी तशीच ठेवली आहे.

घरघर, चटचट, ‘हम्म’.

सतत एकसुरी हम्म असेल तर ती अर्थिंगची कटकट: टेपडेक आणि पीसी एकाच बोर्डावर लावून बघा. माउस हलवला की किर्र वाजत असेल तर कार्ड ग्राफिक्स कार्डापासून दूरच्या स्लॉटमध्ये न्या, आणि न लागणारे माइक, सीडी, ऑक्स मुके करा. अधूनमधून चटचट होत असेल तर पाइपवायरचा बफर मोठा करावा लागतो. कार्डावरचे कपॅसिटर फुगलेले किंवा खाली तपकिरी डाग दिसला, तर तो सॉफ्टवेअरचा विषय नाही. दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच.

माझं कार्ड त्याहूनही जुनं आहे. लांब, काळ्या स्लॉटमधलं.

म्हणजे आयएसए, पीसीआयच्या आधीची जात: साउंड ब्लास्टर १६, एडब्ल्यूई३२ वगैरे. एलएसपीसीआयला ही दिसणारच नाहीत, कारण ती पीसीआयवर नाहीतच. मॉड्यूलं आहेत, ‘एसएनडी-एसबी१६’ आणि ‘एसएनडी-एसबीएडब्ल्यूई’. प्लग अँड प्ले जातीचं कार्ड स्वतःची ओळख देतं. त्याआधीच्या कार्डाला सगळं हाताने सांगावं लागतं: पोर्ट २२०, इंटरप्ट ५, आठ-बिट डीएमए १, सोळा-बिट डीएमए ५. डॉसवर गेम खेळलेल्यांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. कार्डावर जंपर असतील तर ते काय म्हणतात ते आधी बघा.

अडचण दुसरीच आहे. यासाठी ३२-बिट कर्नेल लागतं, आणि ते आता दुर्मिळ होत चाललंय. डेबियन १२ मध्ये होतं, २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीवर इन्स्टॉल करणं बंद केलं. तेव्हा अशा पीसीवर १२ च टाका आणि शक्य तो नेटवर्कपासून दूर ठेवा.

मिडी कीबोर्ड जोडता येईल का?

येईल, १५ पिनांच्या गेमपोर्टला मिडीची (वाद्याच्या सुरांच्या सूचना नेणारी) केबल लावून. पण खरी मजा कार्डातल्या सिंथेसायझरची आहे. ‘एसएनडी-ईएमयू१०के१-सिंथ’ लोड करा, ‘एडब्ल्यूईएसएफएक्स’ पॅकेज टाका आणि त्यातल्या ‘एएसएफएक्सलोड’ने साउंडफाँटची, म्हणजे वाद्यांच्या आवाजाच्या नमुन्यांची, फाइल भरा. फाँट भरला नाही तर मिडी वाजतं पण ऐकू काहीच येत नाही, आणि माणूस पुन्हा मिक्सरमध्ये शोधत बसतो. हार्मोनियमचा बरा फाँट सापडला तर संध्याकाळ कशी गेली कळत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दोन-चारशे रुपयांचं यूएसबी कार्ड का घेऊ नये?

नुसता आवाज हवा असेल तर तेच घ्या. लावलं की चालतं. फक्त कॅसेटींसाठी घेणार असाल तर आधी बघा, कारण अशा बहुतेक स्वस्त कार्डांना लाइन इन नसतं, फक्त माइकचं भोक असतं, आणि तेही एकाच चॅनलचं.

इतकं करूनही कार्ड बोललं नाही तर?

दुसऱ्या पीसीत लावा, इन्स्टॉल न करता एखाद्या यूएसबी ड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करा आणि फक्त तीन गोष्टी बघा: एलएसपीसीआय, मिक्सरमधलं ते बटण, स्पीकर-टेस्ट. तिथेही गप्प असेल तर हेडफोन लाइन आउटऐवजी मागच्या स्पीकरच्या जॅकला, म्हणजे काळ्याला लावा आणि ‘सराउंड’ची पट्टी उघडा. पुढचा जॅक वर्षानुवर्षं खुपसून खुपसून सैल होतो, मागच्याला बऱ्याच घरांत कोणी कधी हातही लावलेला नसतो.